घरातील संगणकीय कोठार: निगा, निदान आणि उपचार

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मित्रांनी नेहमीप्रमाणे 'लसीकरण किंवा बालदमा, काहीही चालेल' असे सांगितले होते. या दोन्ही विषयांवर मी याच पानांतून पुरेसे लिहिले आहे आणि वाचकांनी ते सोसलेही आहे. या वेळी मात्र विषय बदलण्याची परवानगी मी मागून घेतली. कारण असे, की अलीकडे रात्री मला येणाऱ्या दूरध्वनींपैकी काही तापाचे नसतात. 'डॉक्टर, तुमच्याकडे तो फाइली साठवायचा डबा आहे ना, तसाच आमचाही आहे, त्याचा दिवा लाल झाला आहे, काय करू?' अशी ती तक्रार असते. विचारणारे बहुधा समव्यवसायी असतात. क्वचित एखादे वकील किंवा छायाचित्रकार स्नेही. मी संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु हा आजार माझ्या स्वतःच्या घरात होऊन गेला आहे, आणि ज्याच्या घरात आजार होऊन जातो त्याला निम्मे वैद्यक आपोआप कळते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

प्रथम ज्यांना या वस्तूचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्रजी अद्याक्षरांवरून तिला 'नॅस' म्हणतात. फराळाच्या लहानशा डब्याएवढे एक यंत्र. त्यात शेजारी शेजारी बसविलेल्या दोन किंवा चार हार्ड डिस्क, एक छोटा प्रोसेसर आणि मागे राउटरला जोडलेली एक वायर. घरातील व दवाखान्यातील सर्व संगणक, भ्रमणध्वनी आणि स्कॅनर या एकाच कोठारात आपापल्या फाइली ठेवतात. आपल्याकडे खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड अशी रचना अनेकांची असल्याने ही सोय फार मानवते. दोन डिस्कचा डबा सुमारे २० वॅट वीज घेतो. अहोरात्र चालू ठेवला तरी वर्षाला १७५ युनिटच्या आसपास. मी असा डबा सन २०१४ मध्ये घेतला आणि २०१५ मध्ये जुने केसपेपर स्कॅन करून त्यात भरले. मूळ कागदांना वाळवी लागली होती, म्हणून ते नंतर नष्ट केले. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

सन २०१८ च्या जुलै महिन्यातील एक सकाळ. बाहेर बेळगावचा पाऊस चार दिवस खळ न घेता पडत होता. सव्वानऊच्या सुमारास कोल्हापूरहून एका पालकांचा दूरध्वनी आला. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सचा त्रास झाला होता आणि दुपारी शस्त्रक्रिया ठरली होती. 'डॉक्टरसाहेब, हा दोन वर्षांचा असताना तुमच्याकडं एक इंजेक्शन दिल्यावर ह्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, धाप लागली होती, आठवतंय का? इथले भूलतज्ज्ञ विचारताहेत, ते इंजेक्शन कुठलं होतं?'

मुलगा मला आठवत होता. निळसर पडलेले ओठ आठवत होते, अॅड्रेनलिन दिल्यावर पाचव्या मिनिटाला त्याने फोडलेला टाहो आठवत होता. औषध मात्र आठवेना. सेफ्ट्रायक्झोन असावे असे मन म्हणत होते. पण त्या काळी तशा मुलांना मी अॅमिकासिनही देत असे. 'बहुधा' या शब्दावर भूलतज्ज्ञाला काम करायला लावणे मला प्रशस्त वाटले नाही. 'दहा मिनिटांत सांगतो' असे म्हणून मी संगणकाकडे वळलो, तर कोठार दिसेना. कपाटाच्या मागे ठेवलेला डबा पुढे ओढला. त्याचा एक दिवा लाल होता आणि तो किती दिवसांपासून लाल होता हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी तेच केले, जे कोणताही घाबरलेला नातेवाईक करतो. डबा बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. मग डिस्क नीट बसली नसेल असे समजून ती ओढून काढली आणि परत बसविली. ती चुकीची डिस्क होती. लाल दिवा दुसऱ्या खणाचा होता आणि मी पहिल्या खणातील चांगली डिस्क चालू यंत्रातून उपटली होती. पडद्यावर आता एक नम्र प्रश्न उमटला: डिस्क 'इनिशिअलाइझ' करायच्या का? माझे बोट माऊसवर होते. माझ्याकडे वीस वर्षे काम करणारे कंपाउंडर मागे उभे होते. ते म्हणाले, 'डॉक्टर, खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. एवढं वाचून घ्या की आधी.' खाली लिहिले होते, की असे केल्यास डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल.

त्या सकाळी उपयोगी पडली ती एक वेगळीच वस्तू. आदल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला मी सगळ्या फाइलींची एक प्रत सुट्या डिस्कवर काढून निपाणीला थोरल्या बंधूंकडे ठेवायला दिली होती. दूरध्वनी वहिनींनी उचलला. 'भाऊजी, ती काळी डबी ना? ती मी कपाटात जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलीय, दमट होऊ नये म्हणून.' पुतण्याने ती संगणकाला जोडली, वर्ष आणि आडनाव यांवरून पान शोधले आणि वाचून दाखविले. वजन १२ किलो, सेफ्ट्रायक्झोनचा दुसरा डोस, तीन मिनिटांत पुरळ व घरघर, अॅड्रेनलिन ०.१२ मिलि. मांडीच्या स्नायूत. माझेच अक्षर. त्या पानाचे छायाचित्र निपाणीहून कोल्हापूरला गेले. शस्त्रक्रिया दुसरी प्रतिजैविके वापरून झाली आणि मुलगा चौथ्या दिवशी घरी गेला.

माझ्या डब्याची कथा मात्र तेथे संपली नाही. एका तरुण अभियंत्याने पुढे दोन आठवडे खपून बरेचसे परत मिळविले. तथापि पाडव्यानंतरच्या पंधरा महिन्यांतील तीनशेच्या वर स्कॅन केलेली पाने आजही उघडत नाहीत. त्यांत काही मुलांचे वाढीचे तक्ते आहेत. वाढीचा तक्ता पुन्हा काढता येत नाही. मूल मागे जाऊन सहा महिन्यांचे होत नाही.

आता शवविच्छेदन. दुसऱ्या खणातील डिस्क मरण्याआधी कित्येक आठवडे डबा सूचना पाठवीत होता. पण त्या मी वापरणे सोडून दिलेल्या जुन्या ई-मेल पत्त्यावर जात होत्या. पहिल्या खणातील डिस्कही निरोगी नव्हती. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या, म्हणजे जुळी भावंडे. एकाला जे झाले ते दुसऱ्याला होण्याच्या वाटेवर होते. नवी डिस्क बसवून जुनीवरून ती भरायला सुरुवात केली तेव्हा जुनीवर ताण आला आणि मधल्या काही जागा तिला वाचता येईनात. भरण्याचे काम मध्येच थांबले.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाबद्दल लिहिणे आवश्यक आहे. एका डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उमटविणे हा 'रेड' या पद्धतीचा एक प्रकार. ही कल्पना सन १९८८ मध्ये बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधामुळे रूढ झाली. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त अनेक डिस्क वापराव्यात आणि त्यांतील एखादी गेली तरी काम थांबू नये, हा तिचा हेतू. काम थांबू नये, एवढाच! विक्रेता आपल्याला सांगतो, 'दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे, काळजी नको.' परंतु तुम्ही चुकून एक फोल्डर पुसला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फाइली बिघडविल्या तर त्या दोन्हींवर बिघडतात. डबा चोरीला गेला, वर वीज पडली, छत गळले, तर जुळी भावंडे एकाच पाळण्यात असतात. रेड ही प्रत नव्हे. प्रत म्हणजे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी काढलेली, मूळ बिघडल्याचे जिला कळत नाही अशी दुसरी वस्तू. लुगड्यात गुंडाळलेली डिस्क ही प्रत होती.

कोठार दिसत नाही

तक्रार कोणतीही असो, मी आता आधी इतिहास घेतो. 'कालपर्यंत चालू होते ना? मग काल आणि आज यांत काय बदलले?' आईला हा प्रश्न विचारल्यावर जसे निम्मे निदान हाती येते तसे येथेही येते. माझ्या अनुभवात 'डबा दिसत नाही' अशा तक्रारींपैकी बहुतेकांत डिस्कचा काही संबंधच नसतो.

शहापुरातील एका स्नेह्यांचा डबा दर महिन्या-दोन महिन्यांनी अदृश्य होई आणि ते नवा घेण्याच्या बेतात होते. वीज जाऊन आली की राउटर प्रत्येक यंत्राला नव्याने पत्ता वाटतो. डब्याला नवा क्रमांक मिळे आणि संगणक जुन्या क्रमांकावर दार ठोठावीत बसे. राउटरच्या पानावर जाऊन त्या डब्यासाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवला, तेव्हापासून ते नाहीसे होणे थांबले. खर्च शून्य. दुसऱ्या एका दवाखान्यात डबा दिसे पण कमालीचा मंद झाला होता. एक्स-रेची फाइल उघडेपर्यंत रुग्ण उठून जाई. वायर उंदराने कुरतडली होती. वायरीच्या आठ तारांपैकी एखादी तुटली तरी जोडणी बंद पडतेच असे नाही, ती अनेकदा सेकंदाला हजार मेगाबिटवरून शंभरवर उतरते. म्हणजे सुमारे ११० मेगाबाइटऐवजी ११ मेगाबाइट. अशा वेळी लोक डिस्क बदलतात. वायर ही अवघ्या काही रुपयांची वस्तू, म्हणून तिच्यावर संशय घ्यायला कोणी धजत नाही.

तिसरे कारण विंडोजचे अद्यतन. सन २०१७ च्या शरद ऋतूतील अद्यतनापासून विंडोज १० ने नव्याने बसविताना फाइल देवघेवीची 'एसएमबी १' ही जुनी भाषा वगळली. परिणामी त्याच भाषेत बोलणारे जुने डबे दिसेनासे झाले. सन २०२४ मधील विंडोज ११ च्या मोठ्या अद्यतनाने पासवर्डविना पाहुणा म्हणून आत येण्याची जुनी सवयही बंद पाडली. अशा वेळी शेजारचा हुशार मुलगा संगणकात जाऊन जुनी भाषा पुन्हा सुरू करून देतो आणि सगळे आनंदित होतात. कृपया असे करू देऊ नका. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तो याच जुन्या भाषेतील छिद्रातून. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्या आठवड्यात सुमारे १९,००० भेटी रद्द कराव्या लागल्या. डब्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि ते शक्य नसेल इतका तो जुना असेल तर त्याला निवृत्त करावे.

तपासणीचा क्रम मात्र खालून वर असावा. आधी दिवे: डब्याचे आणि राउटरवरील त्याच्या खाचेचे. मग संगणकावरून 'पिंग' करून क्रमांकाला हाक मारावी. उत्तर आले तर नाडी आहे. मग ब्राउझरमध्ये डब्याचे स्वतःचे पान उघडते का पाहावे. ते उघडत असेल आणि फोल्डरच उघडत नसेल, तर दोष नाव, पासवर्ड किंवा परवानगी यांत आहे. या चार पायऱ्या चढण्यापूर्वी स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ नये.

लाल दिवा

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. त्या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. त्यात पुष्कळ आकडे असतात आणि ते पाहून प्रथम घाबरायला होते. मी त्यांतील मोजकेच पाहतो. पाचव्या क्रमांकावर, खराब झाल्यामुळे बाजूला सारलेल्या जागांची संख्या. १९७ वर, वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणाऱ्या जागा. १९८ वर, प्रयत्न करूनही न वाचलेल्या. १९९ वाढत असेल तर संशयित बहुधा वायर किंवा जोड असतो, डिस्क नव्हे. नववा आकडा चाललेल्या तासांचा. वर्षाचे ८,७६० तास धरले की डिस्कचे वय कळते. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. वजनाचे एकच माप पाहून आपण मुलाला कुपोषित ठरवीत नाही, तक्ता पाहतो. तसे मी दर महिन्याला हे आकडे वहीत उतरवितो. पाचवा आकडा दोनवर दोन वर्षे स्थिर असेल तर मी झोपतो. दोनचा नऊ आणि नवाचा चाळीस झाला, तर त्याच दिवशी नवी डिस्क मागवितो.

पण ही चाचणी किती विश्वसनीय? समव्यवसायी मित्रांना हे उत्तर रोचक वाटेल. सन २००७ मध्ये गूगलच्या तिघा अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. मात्र बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. म्हणजे चाचणी सकारात्मक आली तर ती गंभीरपणे घ्यावी, आणि नकारात्मक आली म्हणून निश्चिंत होऊ नये. आपल्या भाषेत, सेन्सिटिव्हिटी कमी. अशा चाचणीच्या भरवशावर आपण रुग्णाला घरी पाठवीत नाही.

दिवा लाल झालाच तर काय करावे? पहिली गोष्ट, काहीही उपटू नये. ज्या खणाचा दिवा लाल आहे त्या डिस्कचा अनुक्रमांक डब्याच्या पानावर पाहावा आणि कागदावर लिहावा. बाहेर काढल्यावर लेबलवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. शस्त्रक्रियेपूर्वी डावा पाय की उजवा याची खूण करतात, तेवढ्याच गांभीर्याने. दुसरी गोष्ट, नवी डिस्क बसविण्यापूर्वी, शिल्लक डिस्क चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइलींची ताजी प्रत बाहेर काढावी. हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात, मीही केला. नवी डिस्क भरणे म्हणजे उरलेल्या एकट्या डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचणे. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने वाचली तरी साडेसात तास लागतात, प्रत्यक्षात त्याहून अधिक. वृद्ध डिस्कला हा ताण सोसेलच असे नाही. तिसरी गोष्ट, डिस्कमधून 'टक टक' असा आवाज येत असेल तर तत्क्षणी वीज बंद करावी. आत वाचणारे डोके आणि फिरणारी तबकडी यांत केवळ काही नॅनोमीटरचे अंतर असते; ते डोके तबकडीला लागले असेल तर प्रत्येक फेऱ्याला मजकूर खरवडला जातो. अशा डिस्कवर घरगुती प्रयोग नकोत.

आवाज नसेल पण काही जागा वाचता येत नसतील, तर जाणकार मनुष्य 'डीडीरेस्क्यू' नावाचे मोफत साधन वापरून आधी त्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढतो आणि पुढचे सर्व उपचार त्या नकलेवर करतो. हे साधन सहज वाचता येणारे भाग आधी उचलते आणि दुखऱ्या जागांकडे शेवटी वळते. माझी बरीच पाने त्यामुळेच वाचली. नव्या डिस्क घेताना मी आता दोन वेगवेगळ्या महिन्यांत, शक्यतो दोन दुकानांतून घेतो. आणि 'एसएमआर' प्रकारची नाही ना, हे विचारून घेतो. या प्रकारात पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढविलेल्या असल्याने सलग लिहायचे काम आले की ती फार रखडते. दुकानदाराला हा प्रश्न आवडत नाही.

वीज, ओल आणि मुंग्या

या भागात डब्याचे खरे वैरी एप्रिल-मेमधला वळीव आणि जून ते सप्टेंबरची ओल. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली तर काही मजकूर डब्याच्या स्मृतीतच राहून नष्ट होतो आणि फाइलींची सूची विस्कळीत होते. इन्व्हर्टर आहे, मग चिंता कसली, असे पुष्कळांना वाटते. घरगुती इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर दम घेतो. पंख्याला तो कळत नाही, डब्याला कळतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असे लिहिलेले बटण असते, ते त्या बाजूला असावे. त्याहून उत्तम म्हणजे डबा आणि राउटर या दोहोंसाठी स्वतंत्र लहान यूपीएस, आणि यूपीएसपासून डब्याला यूएसबी वायर. ही वायर खोक्यातून निघते आणि बहुतेक घरांत खोक्यातच राहते. ती जोडली तरच बॅटरी उतरत आली आहे हे डब्याला समजते आणि तो स्वतःहून व्यवस्थित मिटतो. बॅटरी तीनेक वर्षांत म्हातारी होते. वर्षातून दोनदा मी दवाखाना सुटल्यावर यूपीएसचा प्लग मुद्दाम काढून घड्याळ लावून बसतो. सौभाग्यवतींना हा प्रकार वेडेपणाचा वाटतो.

विजेचा लोळ नुसत्या विजेच्या तारेतूनच येतो असे नाही. गच्चीवरून आलेल्या इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतूनही येतो. अर्थिंग तपासून घ्यावे आणि उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालावे, ही आपल्या वाडवडिलांची सवय मोडू नये. डबा जमिनीपासून उंच, भिंतीपासून वीतभर दूर आणि जेथून रोज दिसेल असा ठेवावा. माझ्या डब्यात एकदा मुंग्यांनी बिऱ्हाड केले होते. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ राहणाऱ्यांनी पंख्यावरची धूळ अधिक वेळा काढावी. ती बारीक आणि चिकट असते.

खंडणी, गोपनीयता आणि तिसरी प्रत

परगावाहून फाइली पाहता याव्यात म्हणून डब्याचे दार थेट इंटरनेटवर उघडण्याचा मोह होतो. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर विषाणूंनी नेमक्या अशा घरगुती डब्यांनाच लक्ष्य केले आणि जगभर लोकांची छायाचित्रे, हिशेब कुलूपबंद केले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेचे सर्व्हर अशा हल्ल्याने बंद पडले आणि कित्येक दिवस सगळे काम हातानेच करावे लागले. आपले दार उघडे नसणे हाच यावरचा पहिला उपाय. बाहेरून यायचेच असेल तर व्हीपीएनच्या बोळातून यावे, राउटरमध्ये आपोआप दारे उघडणारी 'यूपीएनपी' ही सोय बंद ठेवावी आणि 'अॅडमिन' या नावाने रोजचे काम करू नये. डब्यात 'स्नॅपशॉट' ठेवण्याची सोय असेल तर ती अवश्य सुरू करावी. कालची अवस्था जशीच्या तशी परत आणता येते.

आपल्यावर कायद्याचे बंधनही आहे. वैद्यकीय परिषदेच्या सन २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. बालरोगतज्ज्ञाला तीन वर्षे पुरत नाहीत, हे वरील कथेवरून ध्यानात येईल. शिवाय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा सन २०२३ मध्ये झाला आहे. जुनी डिस्क भंगारवाल्याला देताना तिच्यावर किती घरांची गुपिते आहेत याचा विचार करावा. मी तिला ड्रिलने चार भोके पाडतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सन २००५ च्या सुमारास रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत आजही निपाणीलाच असते. दोन सुट्या डिस्क आहेत; एक इकडे, एक तिकडे, आणि दर महिन्याला कोणीतरी जाणारे-येणारे त्यांची अदलाबदल करते. अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा, दूधगंगा पात्र सोडून वाहू लागल्या, निपाणीजवळ महामार्ग बंद झाला, आणि कित्येक दिवस अदलाबदल झाली नाही. त्या पुरात नदीकाठच्या गावांतील लोकांची कागदपत्रे घरांबरोबर भिजली. पुढच्या काही महिन्यांत लसीकरणाची कार्डे गमावलेल्या आया माझ्याकडे आल्या तेव्हा डब्यातून नवी कार्डे छापून देता आली. दोन्ही डिस्कवर कुलूप आहे, म्हणजे मजकूर सांकेतिक स्वरूपात आहे. किल्ली दोन बंद पाकिटांत आहे. किल्ली केवळ माझ्या डोक्यात ठेवणे हा प्रतीचा नाश करण्याचा एक सभ्य मार्ग झाला असता.

आणि प्रत उघडून पाहावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कंपाउंडर दहा चिठ्ठ्या काढतात. त्या क्रमांकांची दहा पाने आम्ही डब्यातून नव्हे, तर सुट्या डिस्कवरून उघडतो. हा खेळ अर्ध्या तासाचा. करोनाच्या काळात, सन २०२० मध्ये, दूरध्वनीवरून दिलेल्या सल्ल्यांसाठी मी एक नवा फोल्डर केला होता. तो प्रती काढण्याच्या यादीत घालायचा राहून गेला आणि आठ महिने त्याची प्रत निघतच नव्हती. डबा रोज रात्री 'प्रत यशस्वी' असे कळवीत होता, आणि त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. सांगितले तेवढे तो करीत होता. एका रविवारी त्या फोल्डरातील क्रमांकाची चिठ्ठी निघाली म्हणून हे उघड झाले.

एक शेवटचा मुद्दा आपल्या मंडळाशी संबंधित आहे. डब्यातील फाइल शाबूत असणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या जुन्या स्मरणिकांच्या काही फाइली माझ्याकडे आहेत. त्या पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकांत आहेत. उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ दिसतो. जुन्या कानडी टंकांत केलेल्या दाखल्यांचीही तीच गत. ज्या सदस्यांकडे जुन्या अंकांचे छापील गठ्ठे, सीडी किंवा फ्लॉपी असतील, आणि विशेषतः ते टंक बसविलेला एखादा जुना चालू संगणक अडगळीत पडला असेल, त्यांनी तो फेकण्यापूर्वी मला कळवावे. पुढच्या सभेला मी स्कॅनर घेऊन येणार आहे.